महिला हॉकी विश्वचषकाचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिला हॉकीबद्दल बोलायला लागलं की ठरावीक प्रश्न येतातच. भारत कधी जिंकलाय का, दरवेळी नेदरलँड्सच कसं जिंकतं, आपल्या महाराष्ट्रातलं कोण खेळलंय. मग हळूहळू अडचणीचे प्रश्न निघतात. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि गुंत्याचे नंतर. आकडे २०२२ पर्यंतच्या पंधरा विश्वचषकांचे आहेत.

१. महिला हॉकीचा पहिला विश्वचषक कधी आणि कुठे झाला?

मार्च १९७४ मध्ये, फ्रान्समधल्या मांदेल्यू इथे. कान शहराशेजारचं, भूमध्य समुद्राच्या काठावरचं हे गाव. दहा संघ आले होते. अंतिम सामना नेदरलँड्स आणि अर्जेंटिना यांच्यात झाला. तो जादा वेळेत गेला आणि नेदरलँड्सने १-० असा जिंकला. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९७१ मध्ये बार्सिलोनात झाला होता, म्हणजे या बाबतीत बायका तीनच वर्षं मागे होत्या. खरी दरी ऑलिंपिकमध्ये होती. त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

२. आतापर्यंत कोणकोणते देश जिंकले?

फक्त चार. नेदरलँड्स नऊ वेळा (१९७४, १९७८, १९८३, १९८६, १९९०, २००६, २०१४, २०१८, २०२२). जर्मनी दोनदा (१९७६, १९८१, दोन्ही पश्चिम जर्मनी असताना). ऑस्ट्रेलिया दोनदा (१९९४, १९९८) आणि अर्जेंटिना दोनदा (२००२, २०१०).

या यादीपेक्षाही बोलका आकडा वेगळा आहे. पंधरापैकी तेरा अंतिम सामन्यांत नेदरलँड्स होतं. डच मुलींशिवाय अंतिम सामना फक्त १९७६ आणि १९९४ मध्ये झाला. अर्जेंटिनाने सहा अंतिम सामने खेळले आणि चार हरले. त्यांच्या दोन विजेतेपदांचं मोल त्या चार पराभवांमुळे मला जास्त वाटतं.

३. भारताची सर्वोत्तम कामगिरी कोणती?

चौथा क्रमांक, तोही पहिल्याच विश्वचषकात. मांदेल्यूमध्ये आपल्या मुली उपांत्य फेरीपर्यंत पोचल्या आणि कांस्यपदकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीकडून हरल्या. त्यानंतर विश्वचषकात भारत उपांत्य फेरीत एकदाही पोचलेला नाही.

एकूण आठ वेळा भारत खेळला: १९७४ मध्ये चौथा, १९७८ मध्ये सातवा, १९८३ मध्ये अकरावा, १९९८ मध्ये बारावा, २००६ मध्ये अकरावा, २०१० मध्ये नववा, २०१८ मध्ये आठवा आणि २०२२ मध्ये नववा. १९८३ नंतर थेट १९९८. मधले तीन विश्वचषक आपण बाहेरून पाहिले. मधल्या काळात एक अख्खी पिढी विश्वचषक न खेळताच निवृत्त झाली, आणि त्या मुली इतिहासाच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत.

४. १९७४ च्या आधी बायका आंतरराष्ट्रीय हॉकी खेळतच नव्हत्या का?

खेळत होत्या, आणि बऱ्याच आधीपासून. हा प्रश्न आला की मी जरा सविस्तर उत्तर देते, कारण इतिहासाचा हा भाग सगळ्यात जास्त गाळला जातो.

आयर्लंडमध्ये महिला हॉकीची संघटना १८९४ मध्ये उभी राहिली, इंग्लंडमध्ये १८९५ मध्ये. इंग्लंडच्या बायकांनी आधी पुरुषांच्या हॉकी संघटनेकडे संलग्नता मागितली होती. ती नाकारली गेली. मग त्यांनी स्वतःची संघटना काढली आणि ठरवलं की इथे एकही पदाधिकारी पुरुष नसेल. हा नियम त्यांनी पुढे कित्येक दशकं पाळला. १८९६ मध्ये डब्लिनला आयर्लंड आणि इंग्लंडच्या मुली एकमेकींविरुद्ध खेळल्या. अंगावर लांब बाह्यांचे ब्लाउज आणि घोट्यापर्यंतचे स्कर्ट. धावताना एक हात स्टिकवर आणि दुसऱ्याने घेर सावरायचा, अशी ती हॉकी. १९०१ मध्ये कॉन्स्टन्स अॅपलबी या इंग्लिश शिक्षिकेने हा खेळ अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेजांत नेला.

१९२७ मध्ये आठ देशांच्या महिला संघटनांनी मिळून स्वतःचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. पुरुषांच्या हाती असलेला आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ, म्हणजे आजचा एफआयएच, १९२४ चा. तो वेगळा आणि हा वेगळा. महिला महासंघाचा पहिला मेळावा कोपनहेगनला १९३३ मध्ये भरला, दुसरा १९३६ मध्ये फिलाडेल्फियाला. मधली युद्धाची वर्षं सोडली तर ही परंपरा पुढे अखंड चालू राहिली.

या मेळाव्यांत विजेता जाहीर होत नसे. गुणतक्ता नाही, चषक नाही. संघ यायचे, सामने खेळायचे, परिषद भरायची, नियमांवर चर्चा व्हायची. म्हणून हे सगळं ‘हौशी’ म्हणून बाजूला टाकलं जातं. मला ते पटत नाही. पन्नास वर्षं बायकांनी स्वतः पैसे उभे करून, स्वतः पंच घडवून, बोटीने समुद्र ओलांडून हा खेळ जगभर जिवंत ठेवला. १९७४ मध्ये दहा संघ एका गावात जमले ते काही हवेतून आले नव्हते.

५. एका ठिकाणी वाचलं की १९७५ मध्ये इंग्लंड विश्वविजेता होता. पण यादीत तर नाही?

दोन्ही बरोबर आहे. त्या काळात जागतिक स्पर्धाच दोन होत्या.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स हे देश महिलांच्या स्वतंत्र महासंघात होते (प्रश्न ४). युरोपातल्या इतर बऱ्याच देशांत महिला आणि पुरुषांची हॉकी एकाच संघटनेखाली असल्याने त्यांचा ओढा एफआयएचकडे. १९७४ चा विश्वचषक एफआयएचच्या बाजूचा. पुढच्याच वर्षी महिला महासंघाने एडिंबरा इथे आपली पहिली विजेतेपदाची स्पर्धा घेतली आणि ती इंग्लंडने जिंकली. १९७९ मध्ये व्हँकुव्हरला दुसरी झाली, ती नेदरलँड्सने जिंकली.

दोन्ही महासंघ १९८२ मध्ये एकत्र आले. १९८३ च्या क्वालालंपूर विश्वचषकात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स पहिल्यांदा दिसतात, त्याचं कारण हेच. एडिंबरा आणि व्हँकुव्हरची विजेतेपदं विश्वचषकाच्या यादीत धरली जात नाहीत. माझ्या मते यादीखाली तळटीप म्हणून तरी ती असायला हवीत, नाहीतर इंग्लंडने १९७० चं दशक घरी बसून काढलं असा गैरसमज होतो.

६. विश्वचषक दर चार वर्षांनीच होतो ना?

१९९० पासून हो. त्याआधी दोन-तीन वर्षांचं अंतर असे: १९७४, १९७६, १९७८, १९८१, १९८३, १९८६. संघांची संख्याही बदलत गेली. २००२ मध्ये सोळा, मग २००६ ते २०१४ बारा आणि २०१८ पासून पुन्हा सोळा. पुढचा विश्वचषक ऑगस्ट २०२६ मध्ये अॅम्स्टेलव्हीन (नेदरलँड्स) आणि वाव्र (बेल्जियम) इथे, पुरुषांच्या स्पर्धेसोबतच ठरला आहे.

७. ऑलिंपिक आणि विश्वचषकातला चौथा क्रमांक एकच का? सगळे वेगवेगळं सांगतात.

भारतीय महिलांचे चौथे क्रमांक तीन आहेत, त्यामुळे गोंधळ होतो.

पहिला १९७४ च्या विश्वचषकातला (प्रश्न ३). दुसरा १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधला. पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये १९०८ ला आली, महिलांची १९८० ला. बहात्तर वर्षं! मॉस्कोवर अनेक देशांनी बहिष्कार घातल्यामुळे सहाच संघ उरले. सुवर्ण झिंबाब्वेला, रौप्य चेकोस्लोव्हाकियाला, कांस्य सोव्हिएत संघाला आणि भारत चौथा. तिसरा टोकियो ऑलिंपिकमधला, ऑगस्ट २०२१. कांस्यपदकाच्या सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून ३-४. तो सामना पाहिलेल्याला तो विसरता येणार नाही.

८. दरवेळी नेदरलँड्सच का जिंकतं?

लोक उत्तरादाखल ‘पैसा’ म्हणतात. पैसा आहेच, पण खरं उत्तर क्लब आहे.

डच गावातला हॉकी क्लब म्हणजे टर्फची (कृत्रिम गवताची) मैदानं, शेजारी क्लबघर आणि शनिवारी सकाळी लहान मुलामुलींची रीघ. पालकच प्रशिक्षक, पालकच पंच, पालकच कॅन्टीन सांभाळणारे. मुलगी सहा-सात वर्षांची असताना स्टिक हातात घेते ती त्याच क्लबात मोठी होते. वरच्या टोकाला राष्ट्रीय साखळीची सर्वोच्च श्रेणी आहे आणि तिथली चुरस एवढी कडवी की राष्ट्रीय संघाची निम्मी निवड तिथेच होऊन जाते. डेन बॉस या क्लबच्या महिलांनी १९९८ ते २००८ सलग अकरा वेळा डच विजेतेपद जिंकलं. मार्त्ये पाउमेन, लिडेवाय वेल्टेन यांच्यासारख्या खेळाडू याच क्लबच्या.

अॅम्स्टेलव्हीनचं वाखेनर स्टेडियम घ्या. १९८६ चा विश्वचषक तिथे झाला, २०२२ च्या विश्वचषकाचे काही सामनेही तिथे झाले. पण ते अॅम्स्टरडॅम क्लबचं घरचं मैदानही आहे. जिथे जगज्जेते ठरतात, त्याच आवारात शाळकरी मुली सरावाला येतात. आपल्याकडे अजूनही कित्येक मुली मातीच्या मैदानावर खेळून थेट निवड चाचणीच्या दिवशी टर्फवर पाय ठेवतात. टर्फवर चेंडू जमिनीलगत सरळ आणि वेगात येतो. मातीवर त्याची उसळी सांभाळण्यात अर्धं लक्ष जातं. दोन्हीकडचं ‘स्टॉपिंग’, म्हणजे स्टिकने चेंडू अडवणं, वेगळं, आणि ते एका चाचणीत शिकता येत नाही.

९. क्लबांची अशी जागतिक स्पर्धा आहे का?

महिलांसाठी जगभरातल्या क्लबांचा विश्वचषक असा नाही. सगळ्यात मोठी आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धा युरोपची आहे. तिथे देशोदेशीच्या विजेत्या महिला क्लबांची स्पर्धा १९७० च्या दशकापासून चालू आहे आणि तिच्यावरही डच क्लबांचाच ठसा आहे.

पुरुषांची युरो हॉकी लीग २००७ मध्ये सुरू झाली. महिलांसाठी ती २०२० च्या ईस्टरला सुरू व्हायची होती, पण कोरोनामुळे रद्द झाली. २०२१ मध्ये प्रेक्षकांशिवाय, मोजक्या संघांत खेळवली गेली आणि डेन बॉसने जिंकली. चौदा वर्षं उशिरा मिळालेली लीग पहिल्याच वर्षी रिकाम्या स्टँडसमोर खेळावी लागली, याचं वाईट वाटतं.

भारतातली हॉकी इंडिया लीग ही वेगळ्या जातीची आहे. तिथे क्लब नाहीत, लिलावातून बांधलेले फ्रँचायझी संघ आहेत. महिलांचा पहिला हंगाम जानेवारी २०२५ मध्ये रांचीत चार संघांत झाला. तिच्यातला महाराष्ट्राचा धागा प्रश्न १३ मध्ये आहे.

१०. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर काय होतं?

पूर्वी जादा वेळ आणि मग पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे गोलसमोरच्या ठरावीक जागेवरून थेट मारलेला फटका. १९८१ मध्ये ब्यूनोस आयर्सला पश्चिम जर्मनी आणि २००२ मध्ये पर्थला अर्जेंटिना, दोघांनीही १-१ नंतर स्ट्रोकवर नेदरलँड्सला हरवलं.

आता शूटआउट असतो. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते, समोर फक्त गोलकीपर आणि हातात आठ सेकंद. स्ट्रोकमध्ये गोलकीपरचं नशीब बरंचसं अंदाजावर असे. शूटआउटमध्ये ती पुढे येऊन कोन बंद करू शकते, म्हणून चांगली गोलकीपर असलेल्या कमकुवत संघालाही खरी संधी मिळते. त्याचं उदाहरण पुढच्याच उत्तरात.

११. २०१८ मध्ये आयर्लंड अंतिम फेरीत कसं पोचलं? आणि आपण त्यांच्याकडून कसे हरलो?

आयर्लंड तेव्हा जागतिक क्रमवारीत सोळावं होतं. संघातल्या मुली नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या. लंडनमध्ये साखळीत त्यांनी भारताला १-० असं हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा आपलीच गाठ पडली.

आपल्याकडे तो सामना रात्री उशिरा होता. मी मोबाइलवर पाहत होते. घरात सगळे झोपलेले, आवाज बंद. साठ मिनिटांत गोल नाही. शूटआउटमध्ये आयरिश गोलकीपर आयेशा मॅकफेरन प्रत्येक वेळी रेषा सोडून दोन पावलं लवकर पुढे यायची, आणि आपल्या मुलींना वळसा घ्यायला जागाच उरायची नाही. भारताकडून फक्त रीना खोखरचा गोल झाला. शूटआउट १-३. आयर्लंड पुढे अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून ६-० असा हरलं, पण मॅकफेरन स्पर्धेची सर्वोत्तम गोलकीपर ठरली.

हरल्यावरही भारताचा आठवा क्रमांक हा १९७८ नंतरचा सर्वोत्तम होता. हे त्या रात्री सुचत नाही, नंतर कळतं.

१२. २००२ मध्ये भारताने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं, तरी त्याच वर्षीच्या विश्वचषकात भारत नाही. असं का?

ही सगळ्यात विचित्र कहाणी आहे.

२००२ च्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धा २००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेचा संघ तिथे जाऊ शकला नाही. भारत त्या स्पर्धेत सातवा आला. मग महासंघाने ठरवलं की अमेरिका आणि भारत यांच्यात तीन सामन्यांची मालिका व्हावी आणि जिंकेल त्याने पर्थला जावं. मालिका भारतात व्हायची होती. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या तणावामुळे ती इंग्लंडमधल्या कॅनकला हलवली गेली. जून २००२ मध्ये अमेरिकेने ती जिंकली आणि भारत बाहेर पडला.

नंतर काही आठवड्यांतच, त्याच इंग्लंडमध्ये, सूरजलता देवीच्या नेतृत्वाखाली मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने यजमान इंग्लंडला ३-२ असं हरवलं. ममता खरबचा तो गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत होताच सामना संपवणारा गोल! म्हणजे त्या वर्षी आपल्याकडे सुवर्णपदक जिंकणारा संघ होता आणि विश्वचषकाचं तिकीट नव्हतं. पर्थला त्या मुली कितवर गेल्या असत्या हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

१३. महाराष्ट्राच्या खेळाडूंचा यात वाटा किती?

एलायझा नेल्सन हे नाव सर्वांत आधी घ्यायला हवं. जन्म पुण्याचा. मॉस्को ऑलिंपिकच्या संघात त्या होत्या आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री दोन्ही त्यांना मिळाले. पुण्याच्याच रेखा भिडे याही मॉस्कोच्या संघातल्या.

आजच्या पिढीचा पत्ता मात्र सातारा जिल्हा आहे. वैष्णवी फाळके फलटण तालुक्यातल्या आसू गावची, अक्षता ढेकळे त्याच तालुक्यातली, ऋतुजा पिसाळही सातारा जिल्ह्यातली. हॉकी इंडिया लीगच्या पहिल्या महिला हंगामाचा अंतिम सामना २६ जानेवारी २०२५ ला झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला २-१ असं हरवलं आणि ओडिशाचे दोन्ही गोल ऋतुजाचे होते. दुसरा तर सामना संपायला चारेक मिनिटं उरली असताना.

१४. विश्वचषकात सगळ्यात गाजलेली भारतीय खेळाडू कोण?

माझं उत्तर: राणी रामपाल, २०१०. अर्जेंटिनातल्या रोझारिओला ती पंधरा वर्षांची होती. हरियाणातल्या शाहबादची, टांगा चालवणाऱ्या वडिलांची मुलगी. त्या स्पर्धेत तिने सात गोल केले आणि सर्वोत्तम युवा खेळाडूचा मान मिळवला. भारत नववा आला.

त्याच स्पर्धेत रोझारिओचीच लुसियाना आयमार आपल्या गावच्या प्रेक्षकांसमोर विश्वविजेती झाली. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ असं हरवलं. आयमार आठ वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली आहे. राणी पुढे भारताची कर्णधार झाली, २०१८ चा विश्वचषक आणि टोकियो दोन्हीकडे.

१५. पश्चिम जर्मनीची विजेतेपदं आजच्या जर्मनीच्या नावावर कशी?

एकीकरणानंतर नवी संघटना निघाली नाही. जुनी पश्चिम जर्मन संघटनाच पुढे चालू राहिली, म्हणून १९७६ आणि १९८१ जर्मनीच्या खात्यात. एकत्रित जर्मनीने मात्र महिला विश्वचषक अजून जिंकलेला नाही. क्विझमध्ये हा प्रश्न आला तर आधी विचारून घ्या, कुठली जर्मनी म्हणताय.